सुभाष गुप्ते यांची फिरकी

पनवेलकडे भात कापून झाले, की शेते मोकळी होतात. मग पोरे तिथे क्रिकेट खेळायला जमतात. ढेकळे बाजूला सारायची, तीन काठ्या रोवायच्या, की झाला खेळ सुरू. तुम्हीही बांधावर उभे राहून हा खेळ पाहिला असेल. बहुतेक पोरांना जोरात चेंडू टाकायला आवडते. पण एखादा पोरगा चारच पावले धावतो आणि चेंडू हळूच वर सोडतो. बॅटवाल्याला वाटते, हा तर सोपा! तो बॅट फिरवतो. चेंडू जमिनीवर पडतो, भलतीकडेच वळतो, आणि मागची काठी आडवी होते.

याला फिरकी म्हणतात. चेंडू टाकणारा तो गोलंदाज, बॅट घेऊन उभा तो फलंदाज.

चेंडू वळतो कसा? भोवरा आठवा. दोरीला हिसका दिला की भोवरा गरगर फिरतो. इथे दोरी नसते. मनगट आणि बोटे हीच दोरी. हातातून सुटताना चेंडूला पीळ द्यायचा. तो हवेत फिरत जातो आणि जमिनीला लागला की त्या पिळाच्या बाजूला वळतो.

मनगटाने पीळ देणारा उजव्या हाताचा गोलंदाज बहुतेक चेंडू एकाच बाजूला वळवतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाच्या पायाकडून तो चेंडू बाहेरच्या बाजूला जातो. पण मधेच एखादा चेंडू तो उलटा वळवतो. हात तसाच येतो, धाव तीच असते. फक्त मनगट शेवटी थोडे जास्त वळते आणि हाताची मागची बाजू फलंदाजाकडे होते. या चेंडूचे नाव गुगली. हल्ली पुढाऱ्याने कोणाला चकवले, तरी वर्तमानपत्रात लिहितात, ‘गुगली टाकली.’ शब्द आला तो इथून.

ही विद्या फार कठीण. चेंडू जरा आखूड पडला की फलंदाज तो सीमेपार मारतो. म्हणून मनगट वर्षानुवर्षे घोटावे लागते. आपल्या मराठी मुलखात ही विद्या ज्यांच्या हातात पुरी उतरली, ते सुभाष गुप्ते.

गुप्ते यांचा जन्म ११ डिसेंबर १९२९ रोजी मुंबईत झाला. अंगाने ते बारीक. १९५१ साली कलकत्त्याला इंग्लंडविरुद्ध ते पहिला कसोटी सामना खेळले. कसोटी सामना म्हणजे दोन देशांमधला पाच दिवसांचा सामना. १९५३ साली भारताचा संघ वेस्ट इंडीजला गेला. ही दूरच्या समुद्रातली बेटे. तिथले फलंदाज मोठे दांडगे. त्यांच्याविरुद्ध पाच कसोट्यांत गुप्त्यांनी २७ गडी बाद केले. पुढे १९५५-५६ साली न्यूझीलंडचा संघ इकडे आला, तेव्हा पाच सामन्यांत ३४ गडी. मधे १९५४-५५ च्या हंगामात मुंबईकडून खेळताना तर त्यांनी पाकिस्तानातून आलेल्या एका संघाचे एका डावातले दहाच्या दहा गडी टिपले. मोठ्या सामन्यात असे करणारे ते पहिले भारतीय.

आता पोटाचे बघू. त्या काळी देशाकडून खेळून घर चालत नसे. सामन्याचा थोडा भत्ता मिळे, तेवढाच. म्हणून गुप्ते उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये लँकशायरला जात. आपल्या गिरणगावासारखाच तो कापड गिरण्यांचा मुलूख. तिथल्या गावांचे क्लब शनिवारी खेळत. गावातले कामगार, दुकानदार हौसेने खेळत, आणि एकच गडी पगारी ठेवत. रिश्टन गावाच्या क्लबने गुप्त्यांना असे पगारी ठेवले होते. पगारी गड्याला चुकून चालत नाही. हरले की सारे गाव त्याच्याकडेच बघते.

डिसेंबर १९५८ मधला कानपूरचा सामना विसरण्याजोगा नाही. वेस्ट इंडीजचा पहिला डाव २२२ धावांत आटोपला. गुप्त्यांनी १०२ धावा देऊन नऊ गडी बाद केले. उरलेला एक गडी वसंत रांजणे यांनी घेतला. एका कसोटी डावात नऊ गडी घेणारा भारतीय तोवर झाला नव्हता. तरी सामना भारत हरला! दुसऱ्या डावात गॅरी सोबर्स या खेळाडूने १९८ धावा कुटल्या. एकट्याने नांगर धरून सारे शेत निघत नाही.

पुढे तीन वर्षांनी, डिसेंबर १९६१ मध्ये, इंग्लंडचा संघ आला. कानपूरला गुप्त्यांनी पहिल्या डावात पाच गडी घेतले. भारताने इंग्लंडला लागोपाठ दुसऱ्यांदा खेळायला लावले. ही नामुष्की भारताकडून इंग्लंडवर पहिल्यांदाच आली.

पुढचा सामना दिल्लीला होता. खेळाडू हॉटेलात उतरले. एका खोलीत दोघे. गुप्त्यांच्या सोबतच्या खेळाडूने खोलीतून खाली फोन केला आणि हॉटेलात काम करणाऱ्या बाईंना आपल्याबरोबर प्यायला बोलावले. बाईंनी तक्रार केली. ती त्यांनी करायलाच हवी होती. फोन मी केला, असे त्या खेळाडूने कबूल केले. पण खोली दोघांची, म्हणून क्रिकेट मंडळाने दोघांनाही संघाबाहेर काढले. गुप्त्यांना विचारले, तुम्ही त्याला अडवले का नाही? आता सांगा, शेजारच्या खाटेवरचा धट्टाकट्टा माणूस फोन उचलतो, त्याला कसे अडवायचे?

थोड्याच दिवसांनी भारताचा संघ वेस्ट इंडीजला निघाला. जिथे गुप्त्यांनी नाव काढले, त्याच बेटांवर. त्यांना नेले नाही. भारत पाचही सामने हरला. वय अवघे बत्तीस, हातातली फिरकी शाबूत. पण देशाकडून पुन्हा खेळायला मिळाले नाही. ३६ कसोट्या आणि १४९ गडी, तिथेच हिशेब मिटला.

वेस्ट इंडीजमध्ये त्रिनिदाद नावाचे बेट आहे. तिथे १८४५ पासून इंग्रजांनी आपल्या देशातली माणसे उसाच्या मळ्यांवर राबायला नेली होती. त्यांची लेकरेबाळे तिथेच रुजली. गुप्त्यांनी त्रिनिदादच्याच मुलीशी लग्न केले होते. ते तिकडे राहायला गेले आणि साखरधंद्यात नोकरीला लागले. कानपूरला ज्यांनी १९८ धावा केल्या, ते सोबर्स पुढे म्हातारपणीही सांगत, की गुप्त्यांसारखा फिरकी गोलंदाज मी पाहिला नाही.

इकडे मंडळाला त्यांची आठवण फार उशिरा झाली. २००० साली सी. के. नायडू यांच्या नावाचा मोठा सन्मान त्यांना दिला. ३१ मे २००२ रोजी त्रिनिदादमधल्या पोर्ट ऑफ स्पेन या शहरात गुप्ते वारले.