खर्ड्याची बखर कोण लिहिणार?

जामखेड तालुक्यातले खर्डा हे गाव मराठी वाचकाला शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक आहे. ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांची लढाई येथे झाली. सवाई माधवरावाच्या नावाने नाना फडणवीसाने शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे सारे सरदार एकत्र आणले आणि निजामाचा पराभव केला. पेशवाईवर लिहिणाऱ्यांचे हे आवडते रणांगण. हत्ती, तोफा, शामियाने, वकिलांचे खलिते, आणि त्याच वर्षी शनिवारवाड्यात पडून मेलेला कोवळा पेशवा! ऐतिहासिक कादंबरीला आणखी काय हवे?

पण याच छावणीत कळंबीचा शिदनाक महार होता. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेत तो आपल्या माणसांसह लढायला आला होता. त्याचा तंबू इतरांच्या रांगेत आहे, तो काढा, अशी तक्रार झाली. ही लढणाऱ्यांची रांग आहे, जेवणाची पंगत नव्हे, असे सुनावून एका जाणत्या सरदाराने ती तक्रार निकालात काढली. पुढे लढाईत परशुरामभाऊ घेरला गेला तेव्हा त्याला वाचवायला हाच शिदनाक धावला. ही हकीकत आपल्या सभांमधून पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. बाहेर मात्र तिला कोणी हात लावत नाही. खर्ड्याच्या रणांगणावर अखेर तंबूच्या जागेचा वाद होता, हे मान्य केले तर त्या दिमाखदार कादंबरीचे काय व्हायचे?

त्या तंबूनंतर दोनशे एकोणीस वर्षांनी, २८ एप्रिल २०१४ रोजी, त्याच खर्ड्यात नितीन आगे या सतरा वर्षांच्या शाळकरी मुलाला सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून मारहाण झाली. शाळेच्या आवारापासून हे सुरू झाले आणि शेवटी त्याचा देह गावाबाहेर झाडाला लटकलेला सापडला. नितीन मजुरी करणाऱ्या दलित कुटुंबातला. जिल्ह्यात लोकसभेचे मतदान होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, निकाल लागायचा होता. नेते आले, आश्वासने दिली, गाड्यांचे ताफे निघून गेले. तेरा जणांवर गुन्हा नोंदला गेला, त्यात काही अल्पवयीन होते. खटला अहमदनगरच्या न्यायालयात चालला. सव्वीस साक्षीदार तपासले गेले आणि त्यांतले डझनाहून अधिक फितूर झाले. २३ नोव्हेंबर २०१७ रोजी नऊ आरोपींची निर्दोष मुक्तता झाली. नितीनला कोणी मारले, हे न्यायालयापुढे सिद्ध झाले नाही.

त्या वेळी खर्ड्यात पहिलीत असलेली मुले आज नितीनपेक्षा मोठी आहेत. म्हणजे हा प्रसंग आता इतिहास होऊ लागला आहे, आणि इतिहासावर कादंबरी लिहिली जाते. म्हणून विचारायचे, खर्ड्याची ही दुसरी बखर कोण लिहिणार आणि कशी?

खऱ्या गुन्ह्यावर लिहिणे मराठीला नवे नाही. १७९१ साली पुण्यात घाशीराम कोतवालाच्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि जमावाने कोतवालाला दगडांनी ठेचले. त्यावर विजय तेंडुलकरांनी १९७२ साली नाटक रंगभूमीवर आणले आणि त्यावरून गदारोळ झाला. मला त्यात एक गोष्ट बोचते. दोन शतके उलटूनही ती हकीकत दप्तरात शाबूत राहिली, कारण मेलेले ब्राह्मण होते. त्याच पेशवाईत गावकुसाबाहेर किती माणसे मारली गेली असतील? त्यांचे कागद कोणी ठेवले? कागदच नाही म्हणून नाटक नाही, आणि नाटक नाही म्हणून गुन्हाही नाही!

अण्णाभाऊ साठ्यांनी हा हिशेब उलटा केला. इंग्रज सरकारच्या दप्तरात जो दरोडेखोर, तो त्यांच्या 'फकिरा'त दुष्काळात भुकेल्यांसाठी धान्य लुटणारा नायक झाला. १९५९ साली आलेली ती कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. सरकारी कागदावर गुन्हेगार कोण ठरतो आणि माणसांच्या आठवणीत कोण, हे अंतर ओळखणारा लेखक आपल्याकडे झाला. एका मांग वस्तीत वाढलेल्या, शाळेत दीड दिवस टिकलेल्या माणसाने हे केले. विद्यापीठांतल्यांनी त्याचे काय केले, हा वेगळा लेख होईल.

पण फकिराच्या कथेत आणि नितीनच्या कथेत एक मोठा फरक आहे. फकिराविरुद्ध सरकार होते आणि त्याच्यामागे त्याची माणसे होती. नितीनच्या बाजूने कायदा होता. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा होता, सरकारी वकील होता, शवविच्छेदनाचा अहवाल होता. ज्यांनी पाहिले ती माणसे तेवढी नव्हती. म्हणून माझे म्हणणे असे की, खर्ड्यावरची कादंबरी नितीनच्या प्रेमाची नसावी. ती साक्षीदारांची असावी.

पहिल्याच दिवसापासून वर्तमानपत्रांनी एक शब्द वापरला, 'प्रेमप्रकरण'. बोलल्याचा संशय होता, तेवढाच. पण 'प्रेमप्रकरण' म्हटले की जातीचे कारण झाकले जाते, घरगुती भानगडीचा वास येतो, आणि त्या मुलीच्या आयुष्याची लक्तरेही वेशीवर टांगली जातात. म्हणजे खर्ड्यावरची पहिली काल्पनिक कथा पत्रकारांनी आधीच लिहून टाकली. आता कोणी लेखक तीच घेऊन त्यात चांदणे आणि गाणी घालणार असेल तर त्याने कृपा करून लेखणी खाली ठेवावी.

शेजारच्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंचा 'फँड्री' फेब्रुवारी २०१४ मध्ये, नितीनच्या हत्येच्या अवघ्या अडीच महिने आधी, चित्रपटगृहांत आला होता. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकांवर येतो. अडीच महिन्यांत खर्ड्याने त्याला उत्तर दिले! पुढे २०१६ साली 'सैराट' आला. तो नितीनवर नाही, पण नितीनच्या मुलखातला आहे. लोक त्याच्या गाण्यांवर लग्नाच्या वरातीत नाचले. शेवटच्या मुक्या दृश्याचे काय केले? बहुतेकांनी ते चित्रपटगृहातच सोडले. दोष मंजुळेंचा नाही, पण लेखकाने यातून एवढे ओळखावे की समाज गाणे उचलतो आणि प्रेत मागे ठेवतो.

तर मग कादंबरीला साधने कोणती? पेशवाईवर लिहिणारा बखरी आणि खलिते चाळतो. आपल्या बखरी म्हणजे फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, जबाब, उलटतपासणी आणि निकालपत्र. हे कागद वाचता आले पाहिजेत. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६१ खाली पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते. न्यायालयात तो पुरावा म्हणून चालत नाही, फार तर साक्षीदाराने शब्द फिरवला हे दाखवायला उपयोगी पडतो. कलम १६४ खाली न्यायदंडाधिकाऱ्यासमोर शपथेवर जबाब घेतला तर त्याला अधिक वजन असते. २०२४ च्या जुलैपासून नव्या संहितेत कलमांचे आकडे बदलले, पण पद्धत तीच. म्हणजे २०१४ साली पोलिसांपुढे बोललेला माणूस तीन वर्षांनी पिंजऱ्यात उभा राहून 'मी काही पाहिले नाही' म्हणू शकतो. या तीन वर्षांत त्याच्या घरी काय घडले, हे कुठल्याही कागदावर येत नाही.

कादंबरीची जागा तिथे आहे. ज्याच्या विहिरीवरून पाणी, ज्याच्या शेतात रोजंदारी, ज्याच्या शिफारशीवर पोराचा दाखला, त्याच्या नजरेसमोर रोज उठायचे आणि नगरला जाऊन साक्ष द्यायची! तालुक्याची एस.टी. पकडून जाताना त्या माणसाच्या शेजारी कोण बसले असेल? साक्षीच्या आदल्या रात्री बायको त्याला काय म्हणाली असेल? न्यायाधीश हे विचारू शकत नाही, लेखक विचारू शकतो. फितूर साक्षीदाराला निव्वळ बदमाश रंगवणे सोपे आहे. तो का भ्याला, हे दाखवले तर सारे गाव उघडे पडेल.

कायद्यानेही हे उशिरा ओळखले. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचे प्रकरण २०१५ च्या दुरुस्तीने आले, ते २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली. तोवर खर्ड्याचा निकाल लागून वर्ष उलटले होते.

अमेरिकेत १९५५ साली मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्या बाईची छेड काढल्याच्या आरोपावरून मारण्यात आले. गोऱ्यांच्या पंचमंडळाने तासाभरात आरोपींना सोडले. त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवली आणि हजारो लोकांनी तो चेहरा पाहिला. जेम्स बाल्डविनने १९६४ साली याच घटनेच्या आधाराने नाटक लिहिले. पण त्याने मिसिसिपीचा खटला जसाच्या तसा मांडला नाही. नावे बदलली, गाव काल्पनिक केले, आणि गोऱ्या मारेकऱ्यालाही माणूस म्हणून उभे केले. न्यायालयाने सोडलेल्या माणसांची नावे घेऊन त्यांना पुन्हा दोषी ठरवणे हे कादंबरीचे काम नाही, आणि आपल्या लेखकाने त्या मोहात पडू नये. नावे बदला, चेहरे बदला. जात मात्र बदलू नका. आपल्याकडे नेमके उलट होते, गावाचे नाव ठेवतात आणि जात काढून 'गरीब-श्रीमंत' करून टाकतात.

आणखी एक अट. लिहिणाऱ्याने आधी आगे कुटुंबाच्या दारात जावे, चहाच्या कपापुरते नव्हे. मुलगा त्यांचा गेला आहे. त्यांनी नको म्हटले तर थांबावे. आणि हो म्हणाले तर निकालपत्राची प्रत काढून आणावी, कोणी कधी शब्द फिरवला त्या ओळींवर खूण करावी आणि तिथून पहिले प्रकरण सुरू करावे.