तारखेला सोबत कोण?

नगर जिल्ह्यातल्या पाथर्डीसारख्या गावात मुलीवरच्या अत्याचाराचा काही प्रकार उघडकीला आला की पुढचा क्रम सगळ्यांना पाठ असतो. दुपारपर्यंत बाजारपेठ बंद. दुसऱ्या दिवशी तहसीलवर मोर्चा, निवेदन, ‘फाशी झालीच पाहिजे’च्या घोषणा, आणि संध्याकाळी चौकात निषेधाचा फ्लेक्स. पंधरा दिवसांत त्याच जागी कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स चढतो. त्या मुलीच्या घराकडची वर्दळ मात्र त्याआधीच थांबलेली असते. माणसं वाईट असतात म्हणून असं होतं, असं मला वाटत नाही. त्या दारात जाऊन बोलायचं काय, हेच कळत नाही. शिवाय डोक्यात काही समज इतके घट्ट बसलेले असतात की पाय मागेच ओढतो.

नगर जिल्हा 13 जुलै 2016 विसरणार नाही. त्या दिवशी कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत पंधरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. त्यानंतर राज्यभर लाखोंचे मूक मोर्चे निघाले. उज्ज्वल निकम विशेष सरकारी वकील होते, सगळ्या महाराष्ट्राचं लक्ष होतं, आणि तरीही तिघांना फाशीची शिक्षा सुनावली जायला 29 नोव्हेंबर 2017 उजाडला. म्हणजे सोळा महिने. ज्या प्रकरणाचा मोर्चाच निघत नाही, त्याच्या तारखा किती वर्षं चालत असतील याचा अंदाज यावरून करावा.

‘असलं करणारा बाहेरचाच असतो’

पाल ठोकून उतरलेली माणसं, परप्रांतीय मजूर, यात्रेतला अनोळखी. पहिला संशय कुणावर जातो हे गावात सगळ्यांना माहीत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षं उलटं सांगतात. 2022 मध्ये देशात बलात्काराचे 31 हजारांहून अधिक गुन्हे नोंदले गेले. अशा नोंदींत शंभरातल्या नव्वदहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा निघतो. नातेवाईक, शेजारी, घरी उठबस असलेला माणूस, नाहीतर काम देणारा. म्हणूनच तोंड उघडणं इतकं जड जातं. अनोळख्याचं नाव घ्यायला मुलगी घाबरत नाही. मामाचं घ्यायला घाबरते.

‘प्रकार तिकडं घडला, इथं तक्रार घेत नाहीत’

हा गैरसमज पाथर्डीत जितका नुकसान करतो तितका क्वचितच कुठे करत असेल. दसरा झाला की इथल्या वाड्यावस्त्यांवरून ट्रक-ट्रॅक्टर भरायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, म्हणजे कारखान्याच्या भाषेत ‘कोयते’, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. पाच-सहा महिने कोपीत, म्हणजे झोपडीत राहायचं. कोपीला धड दार नाही, संडास नाही, अंधारात उठून फडात जायचं. थोरल्या मुली कधी सोबत असतात, कधी गावी आजीजवळ. दोन्हीकडं धोका आहे. फडावर काही घडलं तर बाई बोलणार कुणाशी? खाडा पडला तर पैसे कापले जातात, उचल फिटायची असते, आणि ज्याच्याकडं गाऱ्हाणं न्यायचं तो मुकादम कधीकधी स्वतःच त्यात असतो. मग सगळं पोटात ठेवून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत दिवस काढायचे. उन्हाळ्यात गावी आल्यावर कुणी ठाण्यात नेलंच तर ऐकायला मिळतं, ‘ते हद्दीत येत नाही.’

हद्द आड येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तिच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठंही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते. हाच तो ‘झिरो एफआयआर’. गुन्हा सांगलीत घडो की बेळगावात, पाथर्डी ठाण्यानं तो नोंदवायचा आणि तिकडच्या ठाण्याकडं पाठवायचा. तक्रारीची प्रत फुकट मिळते. बलात्काराची तक्रार नोंदवून घ्यायचं टाळणाऱ्या पोलीस कर्मचाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 199 खाली सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी होऊ शकते. एवढं एक कलम पाठ असलेला माणूस सोबत असला तरी ठाण्यातली भाषा बदलते.

फडावरच्या छेडछाडीसाठी आणखी एक दार आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा 2013 चा कायदा फक्त ऑफिसातल्या बायकांसाठी नाही. असंघटित कामगार स्त्रियांसाठी जिल्ह्याला स्थानिक तक्रार समिती असते. घटनेनंतर तीन महिन्यांत तिच्याकडे लेखी तक्रार करता येते.

‘आधी पोलीस, मग दवाखाना’

उलटही चालतं, आणि बऱ्याचदा उलटंच बरं. सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयानं अत्याचारग्रस्त बाईवर तातडीनं आणि मोफत उपचार करायचे आहेत. एफआयआरची प्रत आणा असं म्हणून तिला दारातून परत पाठवणं हा गुन्हा आहे. पोलिसांना कळवण्याचं काम रुग्णालयाचं; त्यासाठी उपचार थांबत नाहीत. इथं वेळेला फार किंमत आहे. नको असलेला गर्भ रोखण्याच्या आणि एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं. शरीरावरचे नमुने साधारण 96 तासांपर्यंत घेता येतात. अंघोळ केली, लुगडं धुतलं, म्हणून आता काही उपयोग नाही असं समजून घरी बसू नये.

तपासणीच्या भीतीनं कित्येकजणी जात नाहीत. ‘टू फिंगर टेस्ट’ सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्येच चुकीची ठरवली होती. 31 ऑक्टोबर 2022 ला न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की ती करणारा गैरवर्तनाला जबाबदार धरला जाईल. हे ऐकायला सोपं वाटतं, पण त्यामागं महाराष्ट्रातल्या माणसांची बरीच वर्षं गेली आहेत. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. इंद्रजित खांडेकर न्यायवैद्यक तपासणीतल्या चुकांवर सातत्यानं लिहीत आणि भांडत राहिले. मुंबईत ‘सेहत’ संस्थेनं महापालिकेच्या सोबतीनं 2000 साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात अत्याचारग्रस्त बायकांसाठी ‘दिलासा’ केंद्र उभं केलं. गर्भ राहिलाच, तर गर्भपात कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर अत्याचारग्रस्त बाईला 24 आठवड्यांपर्यंत गर्भपात करून घेता येतो.

‘गावात मिटवून टाका, पोरीचं लग्न व्हायचंय’

जवळच्या मढीला कानिफनाथांच्या यात्रेत रंगपंचमीच्या सुमाराला राज्यभरातून भटक्या जमाती येतात. तिथं जातपंचायती भरायच्या, दंड ठरायचे, वाद तुटायचे. हे बोलताना लोक भटक्यांकडं बोट दाखवतात आणि आपल्या गावकीला विसरतात. पारावर, नाहीतर पुढाऱ्याच्या बैठकीत रात्री होते तीही पंचायतच. ठरावही तेच: आरोपीच्या बापानं एवढे पैसे द्यायचे, किंवा त्याच पोराशी लग्न लावायचं. बलात्काराच्या गुन्ह्यात तडजोड होत नाही, आरोपीनं लग्नाची तयारी दाखवली तरी नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2015 च्या निकालात निक्षून सांगितलं आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याप्रमाणे कळल्यावर कळवणं हे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवणं शिक्षेला पात्र. म्हणजे ज्या बैठकीला ‘समजूतदारपणा’ म्हणतात, तिथं बसलेली चार पोक्त माणसं स्वतःच कायद्याच्या कचाट्यात बसलेली असतात.

सज्ञान बाईची गोष्ट वेगळी. तक्रार करायची की नाही, केव्हा करायची, हे तिनं ठरवायचं. तिच्या भावानं नाही, तिच्या नावानं पेटून उठलेल्या कार्यकर्त्यानं तर नाहीच.

‘मध्ये पडलो तर कोर्टकचेरीत अडकू’

लोकांना वाटतं, कायद्यात जागा फक्त पोलीस, वकील आणि न्यायाधीश यांनाच. पण अत्याचारग्रस्त बाईचा जबाब कुठं आणि कसा घ्यायचा ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176 मध्ये लिहिलेलं आहे: तिच्या घरी किंवा ती सांगेल तिथं, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आणि आईवडील, जवळचे नातेवाईक किंवा ‘त्या भागातल्या समाजसेवकाच्या’ उपस्थितीत. म्हणजे शेजारच्या माणसासाठी खुद्द कायद्यानंच खुर्ची मांडून ठेवली आहे. पॉक्सोच्या 2020 च्या नियमांत बाल कल्याण समिती मुलाला ‘सहाय्यक व्यक्ती’ देते. ही व्यक्ती तपासापासून निकालापर्यंत सोबत राहते. विधी सेवा प्राधिकरण गावातल्या साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन विधी स्वयंसेवक नेमतं. त्यासाठी एलएलबी लागत नाही.

या सोबतीला एवढं महत्त्व का, ते नगरच्या कोर्टाची तारीख असलेल्या दिवशी कळतं. अशी एक आई डोळ्यांसमोर आणा. पहाटे भाकऱ्या थापून, शेळ्या शेजारणीच्या भरवशावर टाकून ती पोरीला घेऊन वाडीवरून पाथर्डीच्या स्टँडवर येते. हातात रेशनची पिशवी, तिच्यात समन्स, आधारची झेरॉक्स, दवाखान्याचे कागद, सगळे एका प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले. तिसगाव, करंजी, घाट, पन्नासेक किलोमीटर. कोर्टाच्या आवारात आरोपीचे आठ-दहा नातेवाईक आधीच उभे. ते काही बोलत नाहीत, नुसते बघतात. दुपारी कळतं की आज साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख घ्या. दिवसाची मजुरी बुडाली, तिकिटाचे पैसे गेले, पोर गप्प. अशा चार-पाच खेपा झाल्या की घरात कुणीतरी म्हणतं, ‘जाऊ दे ना आता.’ साक्षीदार ‘फुटला’ असं आपण सहज म्हणतो. बऱ्याचदा तो फुटलेला नसतो, दमलेला असतो.

इथं सोबत लागते. वकिलाला फोन करून आज काम चालणार का एवढं आदल्या दिवशी विचारणारं कुणी. आवारात पोरीच्या आणि त्या बघणाऱ्यांच्या मध्ये उभं राहणारं कुणी. साक्षीदाराला भत्ता मिळू शकतो हे सांगणारं, पॉक्सोच्या सुनावणीत मुलीला आरोपीसमोर उभं करायचं नसतं याची आठवण करून देणारं कुणी. शेळ्यांकडं बघणारी शेजारीण हीसुद्धा यातली कार्यकर्तीच.

एक पथ्य मात्र सांभाळायचं. ‘नेमकं काय झालं?’ हे विचारायचं नाही. तो प्रश्न पोलीस विचारतात, डॉक्टर विचारतो, न्यायालय विचारतं. चौथ्यांदा सांगायला लावणारे आपण कोण? ती बोलली तर ऐकायचं, नाहीतर शेंगा सोलत बसायचं.

‘मदत म्हणजे पैसे, आणि पैसे दिले तर दिसायला नको?’

साडी-चोळी, शिलाई मशीन, पाच हजारांचं पाकीट, आणि देतानाचा फोटो. या फोटोत चेहरा झाकला तरी मागचं घर दिसतं, बापाचं नाव कॅप्शनमध्ये येतं. ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम 72 खाली दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. मुलगी हयात नसली तरी तिचं नाव मोर्चाच्या कारणासाठीही वापरू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2018 मध्ये सांगितलं. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर तिचा फोटो छापणाऱ्या किती मंडळांना हे ठाऊक असेल? या बंदीमागं एक जुनं प्रकरण आहे. 26 मार्च 1972 ला देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी पोलीस सर्वोच्च न्यायालयात सुटले. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. नाव उघड करण्यावरची बंदी त्याच बदलात आली. ते प्रकरण मात्र आजही त्या मुलीच्याच नावानं ओळखलं जातं. इथं मी ते लिहीत नाही.

पैशाचंही सांगतो. खटला सरकार लढवतं, सरकारी वकिलाची फी घरच्यांनी द्यायची नसते. स्वतःचा वकील हवा असेल तर 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला आणि बालकाला तो फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. राज्याची मनोधैर्य योजना 2013 पासून आहे, दहा लाखांपर्यंतचं अर्थसाहाय्य जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळतं. म्हणून तुमच्या पाकिटापेक्षा तो अर्ज भरून, कागद जोडून, पाठपुरावा करणारा माणूस कुटुंबाला जास्त उपयोगी पडतो. पैसे द्यायचेच तर शाळेची फी, गाडीभाडं, बुडालेल्या मजुरीचे पैसे द्या, आणि विसरून जा. संस्थेला द्यायचे असतील तर नगरची ‘स्नेहालय’ दूर नाही. गिरीश कुलकर्णी आणि त्यांच्या मित्रांनी 1989 मध्ये देहविक्रीत अडकलेल्या स्त्रियांच्या मुलांसाठी ती सुरू केली, आणि शोषणातून बाहेर पडलेल्या मुली-स्त्रियांना आज तिथं आसरा आहे.

‘पोरांना काय होतंय?’

होतं. केंद्र सरकारच्या 2007 च्या पाहणीत लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून थोडे अधिक मुलगे होते. पॉक्सो मुलगा-मुलगी भेद करत नाही. आपण करतो.

‘शाळेत हे विषय काढले की पोरं बिघडतात’

ज्या मुलाला अवयवाचं नाव माहीत नाही, ते तक्रार कशाची करणार? राज्यातल्या शाळांत मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समित्या नेमण्याचा आदेश मार्च 2022 चा आहे. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरच्या अत्याचारानं चिडून लोक रेल्वेरुळांवर उतरले, तेव्हा कुठं अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. गावात ग्राम बाल संरक्षण समितीही असते. सरपंच तिचे अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य सचिव. पुढच्या ग्रामसभेत हात वर करून एवढंच विचारा, की या समितीची शेवटची बैठक कधी झाली आणि त्या दिवशी काय ठरलं.

तातडीला 112, बायकांसाठी 181, मुलांसाठी 1098, मोफत कायदेशीर मदतीला 15100. हे चार आकडे फडावर निघालेल्या प्रत्येक बाईच्या मोबाइलमध्ये दसऱ्याच्या आत टाकून द्या. नावं मात्र ‘मावशी’, ‘आत्या’ अशी टाका. फोन नवऱ्याच्या आणि मुकादमाच्याही हातात जातो.