ऑटोमॅटिक पिकअपचा ऑइल कूलर : ऊन किती, घसरण किती

नागपुरात रोज माल वाहणाऱ्या बहुतेक पिकअप, म्हणजे बोलेरो पिकअप, योद्धा वगैरे, मॅन्युअल गिअरच्या असतात आणि त्यांना गिअरबॉक्ससाठी वेगळा ऑइल कूलर लावण्याचा प्रश्नच येत नाही. त्यांच्या गिअरबॉक्समध्ये तेल तळाशी साठलेले असते आणि फिरणारी दातेरी चाके ते उडवून सगळीकडे पोचवतात. ते बाहेर नेऊन थंड करून परत आणायला पंप नसतो, नळ्याही नसतात. तेव्हा ‘उन्हाळा आला, गिअरबॉक्सलाही कूलर लावून घ्या’ हा सल्ला अशा गाडीच्या मालकाने कानाआड केलेलाच बरा. हा विषय ऑटोमॅटिक पिकअपचा आहे. आपल्याकडे म्हणजे मुख्यतः इसुझू व्ही-क्रॉस आणि 2022 मध्ये भारतात आलेली टोयोटा हायलक्स, दोन्हींच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिक आवृत्त्या.

या गाड्यांतले तेल उन्हाने तापते, हा सर्वांत मोठा गैरसमज. ते तापते घसरणीमुळे. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्याच्या एका बाजूची पाती तेल ढकलतात आणि त्या रेट्याने समोरची पाती फिरतात. दोन्ही बाजूंच्या वेगात फरक असेपर्यंत इंजिनाच्या ताकदीचा काही भाग तेल घुसळण्यातच जातो आणि त्याची उष्णता होते. गाडीने बऱ्यापैकी वेग धरला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू जोडून टाकतो आणि घसरण जवळपास थांबते. म्हणूनच मे महिन्याच्या भर दुपारी समृद्धी महामार्गावर एका वेगाने निघालेल्या रिकाम्या पिकअपचे तेल सहसा आटोक्यात राहते. तीच गाडी जानेवारीच्या पहाटे भरलेला ट्रेलर घेऊन कुरईच्या घाटात एखाद्या लोडेड ट्रकमागे रांगू लागली, किंवा शेतातल्या भुसभुशीत मातीत मागेपुढे करू लागली, तर तेल काही मिनिटांत तापते.

उन्हाचा वाटा आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी. कूलर किती उष्णता बाहेर टाकेल हे तेल आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. तेल 95 अंशांवर आणि हवा 20 अंशांवर असेल तर फरक 75 चा, हवा 45 अंशांवर गेली की फरक उरतो 50 चा. म्हणजे हिवाळ्यात पुरून उरणारा तोच कूलर नागपूरच्या मे महिन्यात दोन-तृतीयांश काम करतो. निवड करताना हिशेब मे महिन्याचा धरावा लागतो. घरातला वाळ्याचा कूलर पाण्याच्या बाष्पीभवनामुळे बाहेरच्यापेक्षा गार हवा देतो. ऑइल कूलरला ते जमत नाही, कितीही महागडा असला तरी तो तेलाला भोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही.

डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आहे म्हणजे गिअरबॉक्सही ठीक, हा समजही चुकीचाच. तो काटा इंजिनाच्या कूलंटचा. गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान ओबीडी सॉकेटला स्कॅनर लावून पाहता येते, आणि खरेदीआधी करण्यासारखे हेच एक काम आहे. गाडी जे काम करते तेच, तितक्याच भाराने, उन्हाळ्यात करून आकडा पाहावा. तेल 80 ते 95 अंशांत राहत असेल तर नवा कूलर हा निव्वळ खर्च. चढावर थोडा वेळ 110 पर्यंत जाऊन ते लवकर खाली येत असेल तरी घाबरण्याचे कारण नाही. मात्र 120 च्या आसपास रेंगाळत असेल तर तेलाचे आयुष्य झपाट्याने घटते, आणि त्याहून वर सील कडक होऊ लागतात.

‘तेल जितके थंड तितके चांगले’ असे मानणारा मालक गरजेपेक्षा मोठा कूलर घेतो. नागपूरचा पारा डिसेंबर 2018 मध्ये 3.5 अंशांपर्यंत उतरला होता, हे अशा वेळी आठवावे. अतिथंड तेल जाड राहते, गिअर अडखळत पडतात आणि बऱ्याच गाड्यांत तेल गरम होईपर्यंत लॉक-अप लागतच नाही. मोठा कूलर हवाच असेल तर थंड तेलाला परस्पर परत पाठवणारा थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह सोबत घ्यावा.

बाहेरचा कूलर लावला की रेडिएटरमधला मूळ कूलर काढून टाकावा, असे काही मिस्त्री ठामपणे सांगतात. कूलंट हवेपेक्षा कितीतरी चांगल्या प्रकारे उष्णता उचलतो आणि थंडीत तेलाला ऊबही देतो, म्हणून तो साधारणपणे ठेवावा. तेल आधी त्यातून, मग बाहेरच्या कूलरमधून आणि तिथून गिअरबॉक्सकडे जावे. अपवाद एकच : मूळ कूलर आतून फुटला तर कूलंट तेलात मिसळून ते दुधाळ होते आणि क्लचच्या चकत्यांचे अस्तर सुटू लागते. अशी शंका असलेला जुना भाग बदललाच पाहिजे.

कूलरच्या प्रकारात एकावर एक पट्ट्या रचलेला कूलर तेवढ्याच जागेत साध्या नळीच्या कूलरपेक्षा जास्त काम करतो. पण फार दाट जाळी इथे गैरसोयीची. कोराडी-उमरेड पट्ट्यातली कोळशाची धूळ आणि हंगामात कापसाचे तंतू तिच्यात अडकतात, आणि धुताना पाण्याचा जोरदार फवारा मारला तर जाळीची पाती वाकून हवेची वाटच बंद होते. शिवाय कूलर एसीच्या कंडेन्सरपुढे बसतो, तेव्हा त्याने कंडेन्सर पूर्ण झाकला तर एसी मंदावतो.

आयात केलेल्या कूलरच्या खोक्यावर पौंडांत लिहिलेले वजन म्हणजे तेवढा माल भरण्याची परवानगी नव्हे. 20,000 पौंड म्हणजे सुमारे 9,070 किलो, पण गाडीची मर्यादा आरसीवर लिहिलेलीच राहते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 नुसार जादा भाराला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे 2,000 रुपये दंड आहे.

बसवणीत घाई होते ती जाळीतून आरपार घातलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी. गाडीच्या थरथरीने त्या पट्ट्या नळ्यांवर घासतात आणि गळती सुरू होते, म्हणून कूलर लोखंडी ब्रॅकेटवरच कसावा. होस पाइप गरम ऑटोमॅटिक ऑइलसाठी बनवलेलाच हवा. कूलर आणि नळ्यांत जादा तेल मावते, तेव्हा कंपनीने सांगितलेल्या प्रतीचे तेल घालून पातळी पुन्हा तपासावी. डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्समध्ये ती इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला आल्यावर तळाच्या प्लगमधून पाहिली जाते.