पाणी फुकट, मग नळी कुणासाठी?

2025-26च्या खरिपासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलमागे 69 रुपयांनी वाढून 2369 झाला. वाढ पुरेशी की तुटपुंजी, हा वाद दरवर्षीसारखाच रंगला. तो रंगू द्या. मला त्यामागचा दुसरा आकडा छळतो: उत्पादन खर्च 1579 रुपये. यात बियाणं, खत, मजुरी, घरच्यांचे कष्ट, पाणीपट्टी, पंपाची वीज किंवा डिझेल असं सगळं येतं. म्हणजे पाण्यापायी शेतकऱ्याच्या खिशातून जे गेलं तेवढंच मोजलं जातं. वीज फुकट असेल तर उपशाचा खर्च जवळपास शून्य आणि भूजल तर खर्चात कुणीच धरत नाही.

पाणी वाचवायची युक्ती साधी आहे. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ती आशियाभर नेली. साधारण फूटभर लांबीची, भोकं पाडलेली नळी चिखलात अर्धी रोवायची आणि आत डोकवायचं. पाणी जमिनीखाली 15 सेंटीमीटरपर्यंत उतरलं की बांधीत पुन्हा पाच सेंटीमीटर भरायचं, तोवर पंप बंद. फुलोऱ्याच्या आगेमागे मात्र पाणी हटू द्यायचं नाही. नीट केलं तर उत्पन्नाला धक्का न लागता 30 टक्क्यांपर्यंत पाणी वाचतं, बांधीतून निघणारा मिथेनही निम्म्याच्या आसपास घटतो. बांबूची किंवा प्लास्टिकची नळी, खर्च किरकोळ. मग ती शेतोशेती का दिसत नाही?

उत्तर बांगलादेशात सापडतं. तिथे अनेक ठिकाणी शेतकरी पंपवाल्याला हंगामाचं एकरी ठरलेलं भाडं देतो किंवा पिकाचा वाटा. चार पाळ्या कमी घेतल्या तरी त्याचं देणं तेवढंच. वाचलेलं डिझेल पंपवाल्याचं, नळीत डोकावण्याची यातायात मात्र शेतकऱ्याची. कोण करेल?

शिवाय धान उत्पादक पाणी उगाच साठवत नाही. उभ्या पाण्याखाली तण दबतं, निंदणाची मजुरी वाचते. बांधी सुकू दिली की गवत डोकं काढतं. पाण्याची बचत इथे थेट बायांच्या रोजाशी भिडते आणि आज रोज महाग आहे, पाणी नाही. पंजाबात 2020 साली टाळेबंदीत रोवणीचे मजूर गावी परतले, तेव्हा शेतकरी झपाट्याने थेट पेरणीकडे वळले. त्यांना वळवलं ते मजूरटंचाईनं. भूजलाचं पुनर्भरणाच्या दीडपटीहून जास्त उपसणं तर आधीपासूनच चालू होतं. पुढे सरकारने एकरी 1500 रुपये अनुदान जाहीर केलं, तरी तणाच्या भीतीने बरेच जण पुन्हा चिखलणीवर आले.

आपल्या भंडारा-गोंदियात गोष्ट आणखी गुंतागुंतीची. तलावाचं किंवा कालव्याचं पाणी बऱ्याच ठिकाणी बांधीतून बांधीत उतरतं. वरच्याचा धुरा फुटल्याशिवाय खालच्याला थेंब नाही. मधल्या शेतकऱ्याला आपली बांधी चार दिवस सुकवायची म्हटलं तर खालचा भांडायला येतो. वर टाकलेला युरियाही पाण्यासोबत शेजाऱ्याच्या शेतात. त्यामुळे अशा शिवारात नळी वाटून काही साधत नाही, आधी प्रत्येक बांधीला स्वतंत्र पाट हवा. त्यासाठी कुणाची तरी हातभर जमीन जाणार आणि गाडं अडतं ते तिथेच.

माझ्या मते पद्धत कुठली, हा दुय्यम प्रश्न आहे. वाचवलेल्या पाण्याचे पैसे कुणाच्या हातात पडतात, ते आधी पाहा. पंजाबने 2018 मध्ये एक वेगळा प्रयोग सुरू केला: पंपाला विजेचा कोटा ठरवायचा आणि त्यातल्या न वापरलेल्या प्रत्येक युनिटमागे चार रुपये शेतकऱ्याला. वीज फुकटच, पण वाया घालवली तर आपलेच चार रुपये बुडाले. व्याप्ती लहान होती, पण दिशा मला पटते.

महाराष्ट्राने 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत केली आहे. ती काढून घ्या, असं कुठलाही पक्ष म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. मात्र बिल शून्य ठेवायचंच असेल तर पंपावर आधी मीटर बसवा आणि वाचलेल्या युनिटचे पैसे शेतकऱ्याच्या खात्यात जमा करा. नळ्यांचं वाटप आणि त्याचे फोटो नंतर.