न लिहिलेल्या स्वल्पविरामाची किंमत

इंग्रजीच्या पेपरात एखादा स्वल्पविराम राहिला, तर फार तर अर्धा गुण जातो. 'एवढ्याशा चिन्हासाठी गुण कशाला कापायचे?' असे तुमच्याही मनात आले असेल. मग ही हकीगत वाचा. न लिहिलेल्या एका स्वल्पविरामापायी अमेरिकेतील एका डेअरीला ५० लाख डॉलर मोजावे लागले!

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. तेथील कायद्याप्रमाणे आठवड्यात ४० तासांहून अधिक काम केल्यास जादा तासांना दीडपट वेतन मिळते. परंतु नाशवंत खाद्यपदार्थांची काही कामे या नियमातून वगळलेली होती. ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर गाडीतून दुधाचा माल पोचवीत. त्यांना हे दीडपट वेतन मिळत नसे. २०१४ मध्ये त्यांनी कोर्टात दावा लावला.

वगळलेल्या कामांची इंग्रजी यादी अशी होती : 'कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्रायिंग, मार्केटिंग, स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'.

आता शेवटचे शब्द पुन्हा वाचा. 'शिपमेंट' नंतर स्वल्पविराम नाही. मग 'डिस्ट्रिब्यूशन' म्हणजे वाटप, हे यादीतले स्वतंत्र काम समजायचे, की पाठवणीसाठी किंवा वाटपासाठी केलेले 'पॅकिंग' हे एकच काम? ड्रायव्हर माल वाटत, पॅकिंग करीत नसत. दुसरा अर्थ खरा असेल, तर त्यांना पैसे मिळायलाच हवेत.

ड्रायव्हरांच्या बाजूने आणखी एक मुद्दा होता. यादीतील प्रत्येक कामाच्या शेवटी 'इंग' आहे. 'शिपमेंट' आणि 'डिस्ट्रिब्यूशन' यांना मात्र ते नाही. म्हणजे हे दोन शब्द एका जातीचे असून दोन्ही 'फॉर' ला जोडलेले आहेत. एका यादीतील सर्व घटकांचे रूप सारखे ठेवण्याच्या या पद्धतीला समांतर रचना म्हणतात.

डेअरीची बाजूही लंगडी नव्हती. यादीच्या शेवटच्या घटकाआधी 'ऑर' येतो; 'पॅकिंग' आधी तो कोठे आहे? शिवाय कायदे लिहिण्याच्या तेथील नियमपुस्तिकेत अशा जागी स्वल्पविराम देऊ नये असेच सांगितले होते.

२०१७ मध्ये अपील कोर्टाने दोन्ही अर्थ संभवतात असे ठरविले. अर्थ संदिग्ध असेल, तर वेतनाचा कायदा कामगारांच्या हिताने वाचायचा, म्हणून कौल ड्रायव्हरांच्या बाजूने गेला. २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. दरम्यान मेन राज्याने यादी दुरुस्त केली. स्वल्पविरामांच्या जागी अर्धविराम आले आणि 'डिस्ट्रिब्यूशन' चे 'डिस्ट्रिब्यूटिंग' झाले. चिन्ह आणि रचना, दोन्ही सुधारली!

आता तुमची प्रयोगवही उघडा. 'वुई हीटेड द वॉटर, स्टर्ड इट, अँड द टेंपरेचर वॉज नोटेड' असे एखादे वाक्य त्यात सापडेल. त्याची एक सोपी कसोटी घ्या. यादीतला प्रत्येक तुकडा सुटा काढून आरंभीच्या 'वुई' ला जोडा. 'वुई हीटेड' जुळते, 'वुई स्टर्ड' जुळते. पण 'वुई द टेंपरेचर वॉज नोटेड'? येथे गाडी अडली! तेथे 'नोटेड द टेंपरेचर' लिहा, की तिन्ही तुकडे एका रांगेत बसतील.

तुमच्या वहीतील आणखी पाच वाक्ये या कसोटीवर घासून पाहा. किती उतरतात?