वटवाघूळ : रानाचा माळी

कांजूरमार्गहून पवईपलीकडे गेले की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे रान लागते. तेथले वड-उंबर कोणी लावले? पाखरांनी आणि वटवाघळांनी.

चाळीला असतात तसे रानालाही मजले असतात. मोठी वटवाघळे रात्री वरच्या मजल्यावर वडाची फळे खातात. लहान जात खाली उतरते. खोडाला लगडलेली उंबरे तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेते. रस गिळते, चोथा थुंकते. बारीक बी विष्ठेतून दूर पडते. तेथे रोप उगवते.

काही लोक त्यांना अशुभ म्हणतात. १९७२ च्या कायद्यानेही त्यांना 'उपद्रवी' प्राण्यांच्या यादीत घातले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली. आपणही त्यांना मारू नये. मात्र आम्ही बजावून सांगतो, त्यांनी उष्टावलेले फळ खाऊ नका. त्यातून रोग होऊ शकतो.