‘ध’चा ‘मा’ नक्की केला कुणी?

परवा माझ्या कोडमध्ये एक अक्षर चुकलं आणि सगळं बंद पडलं. माकणीहून आई फोनवर हसली, “ध चा मा केलास की!”

मग वाचत बसलो. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. पत्रातल्या ‘धरावे’चं ‘मारावे’ आनंदीबाईंनी केलं, असं आपण ऐकत आलो. पण ते पत्र आज उपलब्धच नाही. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासातही बाईंविरुद्ध आधार एवढाच, की सगळे तसं मानतात. रामशास्त्र्यांनी दोषी धरलं राघोबादादांना. गादीही त्यांनाच मिळाली.

तरी दादा अटकेपारच्या झेंड्यासाठी लक्षात राहिले, बाई मात्र म्हणीत अडकल्या. त्या निर्दोषच होत्या, असं मी म्हणत नाही. पण आम्ही लॉग बघितल्याशिवाय साधा बगसुद्धा कुणाच्या नावावर टाकत नाही. इथे तर खून आहे!